छोटी आगगाडी, मोठी सोबत

दोन वर्षांपूर्वीची, सोमवारची ओपीडी. नंबर पुकारला तसे सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आत आले आणि त्यांच्यामागून आणखी तिघे. इतकी माणसे कशाला, म्हणून सिस्टर त्यांना बाहेर थांबवत होत्या. त्यांच्यातला एक म्हणाला, "सिस्टर, आम्ही मित्र आहोत यांचे. डॉक्टरांना एक वही दाखवायची आहे, तेवढी दाखवू द्या."

वही साधी दोनशे पानी होती. आत तारखा घालून विजेच्या तारांच्या आकृत्या काढलेल्या: लाल तार कुठल्या रुळाला, काळी कुठल्या, कोणता सांधा कोणत्या बटणावर. पहिल्या पानावरचे अक्षर ठसठशीत होते. पाने उलटत गेलो तसे ते बारीक होत गेले. शेवटच्या पानांवर तर ओळ सुरू होताना अक्षर मोहरीएवढे आणि ओळीच्या शेवटी खसखशीएवढे.

"आमच्या अण्णांचा हात असा नव्हता हो," मित्र म्हणाले. अण्णा स्वतः मात्र गप्प होते. "वय झालं, दुसरं काय," एवढेच म्हणाले. घरच्यांचेही तेच मत होते.

मी अण्णांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितले. उजव्या हाताची हालचाल दहा-बारा वेळांतच लहान आणि संथ झाली. मनगट हलवून पाहिले तर दातेरी चाक फिरावे तसा अडखळता ताठरपणा. चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला. मग दुसऱ्या मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. "सोल्डरिंगचा धूर झाला की सगळ्यात आधी अण्णा खिडकी उघडायचे. परवा तार जळली, खोलीभर वास, पण यांना पत्ताच नाही."

अण्णांना पार्किन्सन्सचा आजार होता. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की तो होतो. लोकांना त्यातला कंप माहीत असतो, पण कंप प्रत्येकाला असतोच असे नाही. हालचाल मंदावणे, अक्षर बारीक होणे, वास न येणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे अशी लक्षणे आधी दिसू शकतात. वास जाणे तर कधीकधी कित्येक वर्षे आधी सुरू होते. या आजाराचे निदान रक्ताच्या एका तपासणीत होत नाही. ते मुख्यतः रुग्णाकडे नीट पाहून, त्याची हकिगत ऐकून करावे लागते. इथे ती हकिगत मित्रांनी वहीत बांधून आणली होती.

रविवारची गाडी

हे मित्र कोण? गच्चीवरच्या एका खोलीत दर रविवारी सकाळी जमून छोट्या आगगाड्या चालवणारी ही मंडळी. अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले वायरमन. दुसरे बँकेतले, तेही निवृत्त. तिसरा चाळिशीतला इंजिनिअर आणि चौथा कॉलेजात शिकणारा मुलगा. पुण्यात हा छंद नवा नाही. कोथरूडचे जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोक मुलाबाळांना घेऊन पाहतात. पण घरातल्या घरात वर्षानुवर्षे रूळ जोडत बसणारी माणसे बाहेर कुणाला फारशी ठाऊक नसतात.

अण्णांनी बोलावले म्हणून एका रविवारी मी गेलो. (त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहितो आहे.) प्लायवूडच्या फळ्यांवर घाट उभा केला होता. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणारा बोरघाट. खऱ्या घाटात चढ ३७ मीटरला एक मीटर. इथेही तोच ठेवायचा हट्ट होता, त्यामुळे एका रुळावरून दुसरा रूळ नेण्याइतकी उंची गाठायला जवळजवळ तीन मीटर लांबीचा उतार लागला होता. कर्जतला गाडीमागे जोडायची ढकलइंजिनेही हजर होती.

आणि गप्पा! मला वाटले होते, निवृत्त माणसे पेन्शन, गुडघे आणि सुना यांवर बोलत असतील. तासभर चर्चा चालली ती रुळांच्या रुंदीवर. बाजारात मिळणारे बहुतेक मॉडेल एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून काढलेले माप आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे आपला भारतीय डबा विकतच्या रुळावर ठेवला की चाके जरा जास्तच आत जातात.

"दिसायला चुकीचंच दिसतं ते," बँकवाले म्हणाले.

"अहो, पण सगळे रूळ हातानं बनवायचे तर जन्म जाईल," इंजिनिअर म्हणाला.

"जाऊ दे की. नाहीतरी जातोच आहे," अण्णा म्हणाले आणि सगळे हसले.

तेवढ्यात एक डबा सांध्यावर घसरला. चौघेही वाकले. वाकल्या वाकल्या इंजिनिअरने, कुणाकडे न पाहता, सांगितले की त्याच्या कंपनीत माणसे कमी करणार आहेत. कुणी "अरेरे" म्हटले नाही. बँकवाल्यांनी चिमट्याने चाक बसवता बसवता विचारले, "हप्ते किती उरलेत घराचे?" अण्णा म्हणाले, "अरे, चाकाची मापं तपास आधी. आणि संध्याकाळी ये घरी, बसू." मग पुन्हा गाडी सुरू झाली.

डॉक्टर म्हणून मला तिथे काहीतरी शिकायला मिळाले. समोरासमोर बसवून "मन मोकळे करा" म्हटले तर पुष्कळ पुरुषांची दातखीळ बसते. हाताला काम आणि नजरेला तिसरीकडे जागा मिळाली की तेच पुरुष बोलतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेली 'मेन्स शेड' चळवळ याच अनुभवावर उभी आहे. निवृत्त पुरुषांनी एका शेडमध्ये जमायचे, सुतारकाम-दुरुस्ती करायची, आणि बोलणे आपोआप व्हायचे.

संशोधन काय म्हणते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सामाजिक नात्यांवर अहवाल काढला. त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. त्याआधी २०१० मध्ये १४८ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली होती. त्या अभ्यासांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त दिसली.

छंदांवरही मोठा अभ्यास आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १६ देशांतले ६५ वर्षांवरचे ९३ हजार लोक होते. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. अर्थात हे वाचताना एक सावधगिरी हवी. छंदामुळे मन चांगले राहते, की मन चांगले असणारेच छंद जोपासतात? दोन्ही थोडेथोडे खरे असावे. म्हणून छंद अचानक सोडून देणे हेही लक्षण समजावे. वर्षानुवर्षे रविवार न चुकवणारा माणूस तीन रविवार आला नाही, तर फोन करावा.

छंदाने अण्णांचा आजार टळला नाही, हे स्पष्ट सांगतो. पार्किन्सन्स टाळणारी छोटी आगगाडी अजून निघालेली नाही. पण आजार लवकर लक्षात आला, तो मात्र याच गाडीमुळे. घरचे माणूस रोज पाहतात, त्यामुळे सावकाश होणारा बदल डोळ्यांत भरत नाही. आम्ही डॉक्टर पाच मिनिटे पाहतो. आठवड्यातून एकदा, त्याच कामात, त्याच हातांकडे पाहणारा मित्र या दोघांच्या मधला असतो.

गोळीची वेळ, गाडीची वेळ

अण्णांना लेव्होडोपा सुरू केले. या औषधाने हालचाल सुधारते, पण त्याचा असर काही तासांचा असतो. गोळ्या ठरल्या वेळीच घ्याव्या लागतात आणि स्वतःहून बंद करायच्या नसतात. मित्रांनी रविवारची वेळ बदलली. आता अण्णांच्या सकाळच्या गोळीनंतर तासाभराने गाड्या सुटतात. त्यांच्याकडची बारीक बटणे काढून मोठी मूठ असलेला नियंत्रक कॉलेजच्या मुलाने बनवला. कॅनडात जन्मलेले गायक नील यंग यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलाला गाड्या चालवता याव्यात म्हणून मोठ्या बटणाचा नियंत्रक तयार केला होता आणि पुढे ते लायनेल या अमेरिकी मॉडेल-रेल्वे कंपनीशी जोडले गेले. हे त्या मुलाला ठाऊक होते. सोल्डरिंग आता तोच करतो. अण्णा शेजारी बसून चुका काढतात.

मित्रांना मी आणखी एक काम दिले आहे. पार्किन्सन्सच्या काही औषधांनी, विशेषतः डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांनी, काही रुग्णांना खरेदीचा किंवा एकच गोष्ट तासन्‌तास करण्याचा अनावर नाद लागतो. अण्णांनी एका महिन्यात चार इंजिने मागवली तर ते हौसेचे आहे असे समजू नका, मला कळवा.

हा छंद असेल तर

• सोल्डरिंग खिडकी उघडी ठेवून करा. त्या धुराने दमा बळावू शकतो. सोल्डरमध्ये शिसे असू शकते, म्हणून चहा-बिस्किटाआधी हात साबणाने धुवा.

• झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पापणी चिकटली तर ओढू नका. कोमट पाण्याने भिजवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

• धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. बारीक पातीच्या चाकूने होणाऱ्या जखमा खोल असतात.

• नातवंडे घरात असतील तर बटण-सेल आणि छोटी चुंबके कुलपात ठेवा. मुलाने सेल गिळला, किंवा एकाहून जास्त चुंबके गिळली, तर उद्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा.

• अर्ध्या तासाने उठा, पाठ ताणा. प्रकाश भरपूर ठेवा आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

• हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच असे नाही. काम करताना होणारा कंप बहुधा वेगळ्या कारणाचा असतो. हात मांडीवर निवांत असताना होणारा कंप आणि मंदावलेली हालचाल मात्र लवकर दाखवा.

परवा अण्णा तपासणीला आले. या वेळी सोबत इंजिनिअर होता. त्याची नोकरी गेली, दुसरी मिळाली, पगार थोडा कमी. अण्णांचा आजार हळूहळू वाढतो आहे. तो वाढणार, हे त्यांना आणि मलाही माहीत आहे. मी अक्षर पाहायला वही मागितली. ती आता कॉलेजचा मुलगा लिहितो. अण्णा सांगतात, तो लिहितो. मात्र शेवटच्या पानाखाली तारीख अण्णांच्या हातची होती. बारीक, पण वाचता येण्याजोगी.

"रविवारी या डॉक्टर," उठताना ते म्हणाले. "रुळांच्या रुंदीचं अजून ठरलेलं नाही."