पडद्याआडचं पाणी

पावसाळा सरला की मालवणच्या किनाऱ्यावरची एखादी आई मुलाला घेऊन येते आणि सांगते, ‘‘डॉक्टर, झील दर्यात खेळता, कानात पाणी गेला असतला.’’ हाक मारली तर पोर ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, शाळेत बाई म्हणतात लक्ष नाही. तपासलं तर पाणी खरंच असतं, पण दर्याचं नव्हे. कानाचा पडदा शाबूत असला तर बाहेरचं पाणी त्याच्या आड जाऊच शकत नाही. कोमट खोबरेलही तिथवर पोचत नाही.

मधल्या कानापासून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. आपण गिळतो तेव्हा टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो आणि कानात हवा जाते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीने किंवा वाढलेल्या ऍडेनॉइडमुळे ती मिटून राहिली की आत स्राव साचतो. सहसा दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. ऐकणं साधारण 20 ते 30 डेसिबलने उतरतं. कानांत बोटं घालून वर्गात बसल्यासारखं.

दुभंगलेल्या टाळूच्या बहुतेक बाळांच्या कानांत असं पाणी असतं, कारण तोच स्नायू नीट ओढत नाही. मग अरुंद टाळू रुंद केली तर? दातांसाठी हा उपाय जुनाच आहे. अमेरिकेत एमर्सन अँजेल यांनी 1860 साली त्यावर लिहिलं होतं. वरच्या दाढांना स्क्रू असलेली पट्टी बसवतात. आई चावीने एक फेर देते, टाळू सुमारे पाव मिलिमीटर सरकते. टाळूच्या मधोमध हाडांची शिवण असते, ती वयात येण्यापूर्वी सहज सुटते. समोरच्या दोन दातांत फट पडली म्हणून घाबरू नये, ती पुढे मिटत जाते.

यानंतर काही मुलांचं ऐकणं सुधारलेलं दिसलं आहे. पण हे अभ्यास लहान आहेत, आणि असं पाणी बऱ्याचदा तीन महिन्यांत आपोआपच ओसरतं. मग श्रेय पट्टीला कसं द्यायचं? माझं मत विचाराल तर, दातांसाठी पट्टी लागणारच असेल तर जरूर बसवावी, कानाला फायदा झाला तर उत्तमच. केवळ कानासाठी मात्र नको. तीन महिन्यांनंतरही पाणी राहिलं आणि ऐकू कमीच येत असलं, तर पडद्यात ग्रॉमेट नावाची चिमुकली नळी बसवण्याचा विचार करतात.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते, त्यात ऐकण्याचे दोषही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि पाणी ओसरेपर्यंत बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसवा.