मलईविना मलईदार

मुलांनो, रोम शहरात आल्फ्रेदो दि लेलिओ हा आईच्या खानावळीत काम करी. १९०८ साली त्याला मुलगा झाला. बाळंतपणानंतर त्याची पत्नी इनेस हिची अन्नावरची वासनाच उडाली. ती अशक्त होत चालली. तेव्हा आल्फ्रेदोने फितीसारख्या चपट्या शेवया शिजवून त्यांत भरपूर लोणी व किसलेले चीज कालवले. इनेसने ते आवडीने खाल्ले, असे त्याच्या घरचे सांगतात. हेच 'फेत्तुचिने आल्फ्रेदो'.

घरी करताना शेवया शिजवलेले पाणी मात्र फेकू नका! भांडे विस्तवावरून उतरवा. शेवयांवर लोणी, चीज आणि ते पाणी थोडेथोडे घालून भराभर ढवळा. पाण्यात उतरलेल्या पिठामुळे सारे एकजीव होऊन मलईसारखे दाट होते. खरी मलई घालण्याची रीत मागाहून अमेरिकेत पडली.