कऱ्हाडे कधी सापडतात, कधी नाही

मंडळाच्या संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातल्यापासून सभासद यादीत काही आडनावे शोधूनही मिळेनात. जोशी, कुलकर्णी लगेच मिळत. कऱ्हाडे, गोऱ्हे मात्र कधी मिळत, कधी नाही. नाव यादीत नाही असे समजून एखाद्या घरी सभेची सूचनाच जायची राहिली असती.

न मिळणारी नावे आम्ही एकाखाली एक लिहून काढली. सगळ्यांत ‘ऱ्ह’ होता, म्हणजे आडव्या रेघेसारखा दिसणारा अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. आपला जुना कळफलक एक प्रकार लिहीत होता, नवा दुसरा. म्हणून अलीकडच्या नोंदी सापडत, जुन्या नाही.

‘शोधा आणि बदला’ वापरून आम्ही यादीभर एकच रूप केले. आपल्या घरच्या यादीतही असे झाले, तर नाव नाही असे ठरवण्याआधी नुसते ‘गो’ किंवा ‘क’ टाकून पाहावे.