कुत्र्याने विषारी झाड चघळल्यास

खेड्यापाड्यांत कुंपणाला कण्हेर, बिट्टी किंवा मोगली एरंड लावण्याची जुनी रीत आहे. गुरे या झाडांना तोंड लावीत नाहीत, म्हणूनच ती निवडली जातात. परंतु गुरे ज्याला तोंड लावीत नाहीत त्यात विष असण्याचा संभव असतो, हे विसरले जाते. कुत्र्याचे पिलू मात्र पुढे येईल ते चघळते.

कण्हेर व बिट्टी यांच्या सर्व भागांत हृदयाची गती बिघडविणारे विष असते. पाने वाळली तरी ते जात नाही. मोगली एरंडाच्या बियांनी वांत्या व जुलाब होतात. एरंडाच्या चावलेल्या बिया त्याहून घातक होत. त्यांचा परिणाम काही तासांनीही दिसू लागतो. कुंडीतील मनीप्लँटने तोंडाची आग होऊन लाळ गळते, पण बहुधा जिवावर बेतत नाही.

असा प्रसंग आल्यास शिक्षकांनी पुढीलप्रमाणे वागावे :

१. प्रथम मुलांना दूर करावे. अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. पिसाळलेला कुत्राही लाळ गाळतो व काटक्या चघळतो. म्हणून जवळ पाने पडलेली दिसताच विषबाधाच झाली, असे समजू नये. दात लागल्यास किंवा लाळ जखमेस लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

२. कुत्रा पाळलेला व लस टोचलेला असल्यास मालकाने त्याच्या तोंडातील तुकडे काढून तोंड ओल्या फडक्याने पुसावे.

३. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. अधिक मीठ हेच कुत्र्यास विष ठरते. दूध वा तूप बळजबरीने पाजू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

४. झाडाची डहाळी व बी पिशवीत घ्यावे. केव्हा व किती खाल्ले ते टिपून ठेवावे. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही विचारणा करावी.

५. झाड कपाशीच्या धुऱ्यावरील असेल तर त्यावर कोणते औषध फवारले होते, ते शेतमालकास विचारावे. २०१७ साली या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीमुळे २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषाचे नाव कळले म्हणजे उपचाराची दिशा लवकर ठरते, मग रोगी माणूस असो वा मुके जनावर.

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना ही झाडे नावानिशी दाखवावीत. पाने तोडू न देता ओळख करून द्यावी. मोगली एरंडाचे बी चवीला बरे लागते, त्यामुळे ते खाऊन मुले आजारी पडल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. जे झाड पिलाला बाधते ते बालकालाही बाधते. तेव्हा मुले जेथे जेवतात व खेळतात, तेथे अशी झाडे नसावीत, हे शाळेने प्रथम पाहावे.