जुन्या चिकटीची ओळखपरेड

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेली घरं अजून भरपूर आहेत. न्यू जर्सीत स्थिरावलेली मराठी कुटुंबंही ती हौसेनं घेतात. कळकट गालिचा आणि त्याखालचं लिनोलियम उचकटलं, की खाली अस्सल ओकच्या फळ्या निघतात आणि फळ्यांवर जुन्या चिकटीचा राठ थर. मग कुणी दुकानातलं सगळ्यात जहाल रसायन आणतं, कुणी घासायचं यंत्र भाड्यानं आणतं. चिकट नक्की कसली, हे मात्र फारसं कुणी बघत नाही.

तपकिरी चिकट बहुधा कागद गिरणीतल्या लिग्निनयुक्त टाकाऊ द्रवाची असते. लिनोलियम आणि त्याखालचा जाड कागद तिनेच बसवत. ती पाण्यात विरघळते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ ठेवलं की लगदा होऊन सुटते. काळी चिकट म्हणजे डांबर. तिच्यावर पाण्याचा थेंब नुसता गोळा होऊन बसतो. पिवळट असेल तर ती गालिच्याची रबरी चिकट. कोपऱ्यात गरम पाण्याचा एक थेंब टाकला तरी निम्मी ओळख पटते.

काळ्या चिकटीशी झटापट करण्याआधी मात्र थांबायचं. १९८०च्या दशकापर्यंत अशा डांबरी चिकटीत आणि तिच्यावरच्या नऊ इंची फरश्यांत अॅस्बेस्टॉस मिसळलेलं असू शके. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुकडा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोरडं घासणं म्हणजे त्याचे तंतू स्वतःच्या फुप्फुसात भरून घेणं. अॅस्बेस्टॉस निघालंच, तर थर न छेडता वरून झाकून टाकणं हाच बरेचदा शहाणा मार्ग.

डांबर पाण्याला दाद देत नाही पण टर्पेंटाइनसारख्या द्रवाला देतं, याचं कारण रेणूंच्या आपसातल्या ओढीत आहे. ही ओढ दोन्ही पदार्थांत सारख्या ताकदीची असेल तर ते एकमेकांत मिसळतात. बर्कलीचे रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डेब्रँड यांनी ही ताकद आकड्यात मांडली. रंग आणि वार्निशवाले तो आकडा आजही वापरतात. जुन्या रबरी चिकटीचं गणित थोडं वेगळं. हवेतल्या ऑक्सिजननं तिच्या साखळ्या एकमेकींना जखडल्या असतील, तर ती कशातच विरघळत नाही, फक्त फुगते. पण फुगली तरी काम होतं, कारण पकड सैल होते आणि पातं खाली सरकतं. कोरडी पडून ठिसूळ झालेली चिकट तर नुसत्या पात्यानंही टवके होऊन निघते.

जहाल द्रवाचा मोह इथेच अंगाशी येतो. ओकच्या लाकडात मोठ्या नळ्या असतात. पातळ द्रव डांबर विरघळवतो आणि त्याला घेऊनच नळ्यांत उतरतो. वरचा डाग आत जातो. म्हणून जेलसारखं दाट, सावकाश वाळणारं द्रावक बरं. डायक्लोरोमिथेन झटपट काम करतं खरं, पण शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं. डायक्लोरोमिथेन असलेल्या रंग उतरवायच्या द्रावणांची घरगुती विक्री अमेरिकेनं २०१९मध्ये बंद केली, ते बरंच झालं. यंत्रानं घासावं तर घर्षणाच्या उष्णतेनं डांबर वितळतं आणि पॉलिशपेपर मिनिटभरात बुजतो.

ओल्या ओकवर लोखंडी काथ्याही फिरवू नये. ओकमधलं टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळा डाग पडतो. जुनी लिहायची शाई याच मिश्रणाची असे.

सोयाबीन तेलापासून केलेली द्रावकं वासाला सौम्य असतात, पण मागे तेलकटपणा ठेवतात. तो नीट पुसून लाकूड सुकू दिलं नाही, तर वरचं पॉलिश धरत नाही. एवढं करूनही नळ्यांत थोडी काळी रेघ उरतेच. ती घासून काढण्यापेक्षा मी राहू देईन. पाऊण इंच जाड फळीतही शेजारची फळी अडकवायच्या खाचेच्या वर घासायला जेमतेम पाव इंच लाकूड असतं आणि आधीच्या मालकांनी त्यातलं किती घासलंय, हे आधी मोजलेलं बरं.