सेन्सर नवा, तरी गाडी का थरथरते?

आज एका ऐकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज घेतलाय. पेट्रोल गाडी, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ आला. गॅरेजमध्ये मास एअर फ्लो सेन्सर बदलला. आता गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते, मधेच मिसिंग मारते. आणि सल्ला काय मिळालाय? "आता ऑक्सिजन सेन्सर टाकून बघू." हे "टाकून बघू" खिशाला फार महाग पडतं. त्याआधी जरा थांबा.

पी०१७१ म्हणजे सेन्सर खराब, असं नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. का, ते तुम्हीच शोधायचं. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यानंतर बसतो, आत जाणारी हवा मोजतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. पण सेन्सर आणि इंजिनच्या मधे कुठे चीर असली, तर तिथून हवा न मोजताच आत शिरते. सेन्सर कितीही नवा असू द्या, त्याला ती दिसणारच नाही.

आणि सेन्सर बदलताना हात नेमका तिथेच जातो ना! क्लॅम्प सैल राहतो, ओ-रिंग दुमडते, कनेक्टर 'टक' आवाज येईपर्यंत दाबला जात नाही. जुना रबरी पाइप उष्णतेने कडक झालेला असतो, वाकवला की घडीत चिरतो, तेही खालच्या बाजूने. म्हणून आधी टॉर्च घ्या, इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि हे सगळं हाताने चाचपा.

काही सापडलं नाही तर ब्लूटूथचा ओबीडी डोंगल लावा आणि मोबाइलवर फ्युएल ट्रिम बघा. शॉर्ट आणि लाँग, दोन्हींची बेरीज करा. समजा आयडलला ती अधिक २५ टक्के आहे आणि रेस देऊन २५०० आरपीएमला धरल्यावर अधिक ४ वर आली. म्हणजे हवा गळतीचा संशय पक्का. आयडलला इंजिन हवाच कमी ओढतं, त्यात चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा असतो. रेस दिली की तो वाटा झाकला जातो. उलट चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेली तर सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय. नवा पार्ट डुप्लिकेट निघणं हेही आपल्याकडे काही नवल नाही.

एक मात्र ध्यानात घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, मॅप सेन्सर असतो. तिथे गळती झाली तर ट्रिमपेक्षा आयडल चढलेला दिसण्याची शक्यता जास्त.

गळती शोधायला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारायचे व्हिडिओ बघितले असतील. गरम इंजिनवर ते नको, आग लागते. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. दुरुस्ती झाल्यावरच कोड पुसा, आणि ईसीयूला नव्याने शिकायला थोडं चालवावं लागतं, हे लक्षात असू द्या.

आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो पार्ट सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.