दहा टक्क्यांचा ‘नियम’ आणि कॉपीराइटचे इतर गैरसमज

‘दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते’ हे महाविद्यालयांत सर्रास ऐकू येणारे वाक्य प्रताधिकाराला, म्हणजे कॉपीराइटला, लागू होत नाही. हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतला आहे. प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, असे ते म्हणतात आणि तेही वाङ्मयचौर्याच्या संदर्भात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात किती टक्के उतरवले तर चालेल, याचा उल्लेखच नाही.

वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशवसुतांची कविता कोणी स्वतःची म्हणून छापली तर ती उघड चोरी, पण प्रताधिकारभंग नव्हे. केशवसुतांचे निधन १९०५ सालचे आणि त्यांच्या कवितेवरचा हक्क केव्हाच संपलेला. उलट, नव्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ लेखकाचे नाव ठळक देऊन सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकली तर चौर्य नाही, प्रताधिकारभंग मात्र नक्की आहे. श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही.

हक्कासाठी नोंदणी लागते, हाही असाच एक समज. लेखन कागदावर किंवा संगणकावर उतरले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक असून वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. मात्र हक्क मिळतो तो मांडणीला, कल्पनेला नाही. ‘विदर्भातील कापूस उत्पादकांचे कर्ज’ हा विषय कोणाच्याही मालकीचा होत नाही.

मुदतीचे गणित सोपे आहे. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या अशा लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. ज्ञानेश्वरी सर्वांची आहे. तिचा आजच्या अभ्यासकाने केलेला गद्य अनुवाद मात्र त्या अभ्यासकाचा.

सर्वांत जास्त भीती असते ती झेरॉक्सची, आणि वर्गापुरती ती बरीचशी अनाठायी आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. अभ्यासक्रमाला नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून तिथे विकली जात होती. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्व स्पष्ट केले: कायद्यातील ‘शिक्षणाच्या ओघात’ ही सवलत वर्गाच्या चार भिंतींपुरती नाही, आणि तिला पानांची मर्यादाही नाही, प्रश्न इतकाच, की तेवढा मजकूर शिकवण्यासाठी खरोखर लागतो का? हे पुराव्याने तपासण्यासाठी खंडपीठाने दावा पुन्हा सुरू केला, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला. दुसऱ्या उच्च न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, तरी वजनदार आहे.

म्हणून सगळेच मोकळे झाले, असे मात्र नाही. नेमलेले प्रकरण वर्गाला देणे वेगळे आणि अख्खे पुस्तक खुल्या टेलिग्राम चॅनेलवर टाकणे वेगळे. त्याचे समर्थन या निकालातून निघत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा देणे, स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी वाजवी प्रमाणात नक्कल काढणे, समीक्षेत अवतरण देणे या गोष्टींना कलम ५२ मध्ये मुभा आहे. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रतीही सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकते. स्नेहसंमेलनात विद्यार्थी-शिक्षकांनी त्यांच्या आणि पालकांच्या पुढ्यात नाटक केले तर परवानगी लागत नाही. तोच प्रयोग तिकीट लावून सर्वांसाठी केला की ती लागते.

स्वतःच्या लेखनाबाबतचे अज्ञान या गैरसमजांहूनही महागात पडते. प्रबंधावरचा हक्क सहसा संशोधक विद्यार्थ्याचाच असतो. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात ठेवल्याने केवळ त्या कारणाने हक्क कोणाकडे जात नाही. प्राध्यापकाने नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्यावर मात्र, वेगळा करार नसेल तर, संस्था हक्क सांगू शकते. शोधनिबंध स्वीकारल्यावर अनेक नियतकालिके हक्क हस्तांतराचा फॉर्म पाठवतात आणि तो न वाचताच सही होते. मग स्वतःच्याच निबंधाची छापील पीडीएफ स्वतःच्या पानावर ठेवायलाही परवानगी मागावी लागते. हस्तांतर लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. त्यामुळे सही करण्यापूर्वी निदान या दोन ओळी शोधून वाचाव्यात.